जवळपासचा मानसिक आरोग्य आधारगट कसा शोधायचा, आणि तो बरा आहे हे कसं ओळखायचं?

सावलीतली_वाट (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज काढतेच.

गेली दोन वर्षं माझ्यावर नैराश्य आणि एंग्झायटीचे उपचार चालू आहेत. गोळ्या लागू पडल्या आहेत, झोप परत आली आहे, कामावर जाते. डॉक्टरही चांगल्या आहेत, उपचारांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण फॉलो-अप वीस मिनिटांचा असतो आणि दोन फॉलो-अपच्या मधले सहा आठवडे माझे मलाच काढायचे असतात. घरचे जीव लावतात. पण "आज उठून आंघोळीला जायला दोन तास लागले" असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो आणि मग मीच त्यांची समजूत घालत बसते. मैत्रिणींना सांगणं तर मी बंदच केलं आहे. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, एखादा आधारगट बघ, तुला उपयोग होईल. नेमकं नाव मात्र त्यांना सुचवता आलं नाही.

नेटवर शोधलं तर निम्म्या नोंदी जुन्या, फोन लागत नाहीत. शेवटी एक गट सापडला. नाव देत नाही. गट चालवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि "काय झालं ते मनात काही न ठेवता सांग" म्हणाले. मला रडू आवरेना. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, गोळ्या म्हणजे कुबड्या, हळूहळू सोडून दे आणि आमचं शिबिर कर. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तेव्हापासून पुन्हा शोधायची हिंमत होत नाहीये. तुमच्यापैकी कोणी अशा गटात जातं का? तो कसा सापडला? आणि आत पाऊल टाकण्याआधी काय विचारून घ्यायचं?

पायवाट

सावली, तिथे परत गेला नाहीत हे योग्य केलंत. नवीन माणसाला पहिल्या दिवशी सगळ्यांपुढे बोलायला लावणं बऱ्या गटात होत नाही. मी नैराश्याच्या आधारगटात सहा वर्षं जाते आहे, शेवटची दोन समन्वयक म्हणून. येणाऱ्याला आम्ही फोनवरच सांगतो की नुसतं बसलात तरी चालेल, तुमची पाळी आली की "पुढे" म्हणा. एक बाई सलग चार महिने "पुढे" म्हणत होत्या. पाचव्या महिन्यात त्यांनी एक वाक्य सांगितलं. आता नव्यांना पहिला फोन त्याच करतात. (त्यांना विचारून लिहिते आहे.)

आता शोधायचं कुठे. डॉक्टरांना नाव माहीत नसणं नेहमीचंच आहे. त्याच दवाखान्यात किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सायकिअट्रिक सोशल वर्कर असतात, त्यांना गाठा. पेशंट घरी गेल्यावर पुढे काय, हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो, त्यामुळे कुठला गट चालू आहे आणि कुठला बंद पडला हे त्यांना ठाऊक असतं. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय असेल तर तिथला सूचना फलक स्वतः जाऊन वाचा. कितीतरी गटांची नेटवर नोंदच नसते, एक छापील कागद तेवढा लावलेला असतो. दिवसभराची पुनर्वसन केंद्रं, समाजकार्य शिकवणारी महाविद्यालयं, मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइन याही जागा विचारा. हेल्पलाइनला फोन संकटातच करायचा असतो असं आपल्याला वाटतं. पण "माझ्या भागात आधारगट आहे का" एवढंच विचारायला फोन केलात तरी चालतो, अनेकांकडे यादी असते.

शिवाय काही तारखा लक्षात ठेवा. ३० मार्च हा जागतिक बायपोलर दिन, २४ मे स्किझोफ्रेनियाचा, १० सप्टेंबर आत्महत्या प्रतिबंधाचा आणि १० ऑक्टोबर जागतिक मानसिक आरोग्य दिन. या दिवसांच्या आगेमागे संस्था सगळ्यांसाठी खुले कार्यक्रम घेतात. तिथे श्रोता म्हणून मागच्या रांगेत बसता येतं, कोणी काही विचारत नाही, आणि गट चालवणारी माणसं डोळ्यांनी बघता येतात. मला माझा गट असाच सापडला.

फोन लागला की "तुमचा गट आहे का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "पुढची बैठक कधी आहे, आणि मागच्या बैठकीला साधारण किती जण होते?" असं विचारा. चालू असलेला गट वार, वेळ आणि आकडा लगेच सांगतो. जो बंद पडला आहे तो "तुमचा नंबर देऊन ठेवा, कळवतो" म्हणतो.

अर्धविराम

गोळ्या सोडायला सांगणारा गट. फक्त याच मुद्द्यावर लिहितो, कारण मी त्यातून गेलो आहे.

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी बेफाम चढतो, कधी खोल खाली जातो. तो स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू होतं, तीन वर्षं बरी गेली होती. एका गटात (तोही आता नाही) एका ज्येष्ठ सदस्याने सांगितलं की त्याने सगळं सोडलं आणि तो ठणठणीत आहे. त्याचा हेतू वाईट नव्हता. मी कोणाला न विचारता लिथियम एकदम बंद केलं. काही आठवड्यांत मॅनिया, म्हणजे तो बेफाम चढलेला मूड, आला, नोकरी गेली, बहिणीशी जे बोललो ते अजून निस्तरतो आहे. लिथियम अचानक थांबवलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. नैराश्याच्या कितीतरी गोळ्यांचंही असंच. एकदम तोडल्या तर चक्कर, मळमळ, अंगात विजेचे झटके आल्यासारखं, असं बरंच काही होऊ शकतं. डोस कमी करायचा तर तो लिहून देणाऱ्याच्या देखरेखीखालीच.

मी आज ज्या गटात आहे तिथे औषधांवर भरपूर बोलणं होतं. हात थरथरतात, सारखी तहान लागते, वजन वाढलं, रक्ततपासणीचा कंटाळा येतो. हे ऐकून इतकं हलकं वाटतं की काय सांगू. पण नियम असा आहे की स्वतःला काय झालं ते सांगायचं, दुसऱ्याने काय घ्यावं ते सांगायचं नाही. कोणी घसरलंच तर समन्वयक तिथल्या तिथे थांबवतात.

कोरडा_पाऊस

माझा अनुभव वेगळा आहे, तोही इथे असावा म्हणून लिहितो.

मी पाच वेळा गेलो. गट चांगला होता, माणसं सज्जन, कोणी जबरदस्ती केली नाही. पण दीड तास एकेकाचं दुःख ऐकून घरी यायचो तो सगळ्यांचं ओझं घेऊनच. दोन दिवस तेच डोक्यात फिरायचं. मला वाटलं, इतरांना बरं वाटतं आणि मलाच नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. सहाव्या वेळी गेलो नाही, आणि गेलो नाही म्हणून अपराधी वाटलं ते वेगळंच. गट सगळ्यांना मानवतो का? हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

शांत_किनारा

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. सल्ला म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते.

कोरडा_पाऊस, नाही, सगळ्यांना मानवत नाही, आणि त्यात तुमचं काही कमी नाही. तुमचा प्रश्न नीट कळावा म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करते. गट-उपचार, म्हणजे ग्रुप थेरपी, हा उपचार आहे. तो प्रशिक्षित व्यक्ती चालवते, सदस्य आधी भेटून निवडलेले असतात, मुदत ठरलेली असते आणि प्रत्येक सत्राला उद्दिष्ट असतं. आधारगट किंवा स्वमदत गट ही त्याच वाटेने गेलेल्या माणसांची एकमेकांना सोबत असते. दोन्हींचा उगम शोधत मागे गेलं तर एका गमतीच्या जागी पोचतो. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरने क्षयरोग्यांचे साप्ताहिक वर्ग सुरू केले. सॅनेटोरियमचा खर्च न झेपणाऱ्या गरीब रुग्णांना विश्रांती, मोकळी हवा, आहार यांची शिस्त घरच्या घरी कशी पाळायची ते शिकवायचं, एवढाच हेतू होता. पण नुसतं एकत्र बसून एकमेकांची प्रगती ऐकल्याने या लोकांना उभारी येते, हे त्याच्या लक्षात आलं. शिकवायला गेला एक, आणि सापडलं भलतंच.

पुढे इरविन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी गटातून माणूस नेमका कशाने बरा होतो याचे ११ घटक मांडले. त्यातला एक म्हणजे "हे माझ्या एकट्याचं नाही" हे कळणं. सावली, तुमच्या लिहिण्यात त्याचीच भूक दिसते. त्यासाठी आधारगट उत्तम.

कोरडा_पाऊस, तुमच्या बाबतीत दोन शक्यता मला दिसतात. एक, तुम्ही गेलात तेव्हा तुमची स्वतःची तब्येत इतकी नाजूक असेल की दुसऱ्याचं दुःख ठेवायला जागाच नव्हती. अशा वेळी आधी एकट्याने उपचार आणि मग गट, हा क्रम बरा पडतो. दुसरी, तुम्हाला नुसत्या मोकळ्या बोलण्यापेक्षा कौशल्य शिकवणारा, ठरावीक आठवड्यांचा गट जास्त मानवेल. तिथे दुःख ऐकण्यापेक्षा "या आठवड्यात काय करून पाहिलं" यावर भर असतो. डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणखी एक, सावलीला जे उभं करून बोलायला लावलं त्याबद्दल. आघातातून नुकत्याच गेलेल्या माणसाला एका बैठकीत सगळं सांगायला लावलं की मन मोकळं होतं असं पूर्वी मानलं जायचं. अभ्यासांत त्याचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनाही आता ती पद्धत वापरू नका असंच सांगते. बोलायचं की नाही, किती आणि कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

एक_शुभंकर

वरचं सगळं वाचलं. मी साठी ओलांडलेला गृहस्थ आहे. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, निदान होऊन अकरा वर्षं झाली. आमच्या गटात आजारातून जाणाऱ्याला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. "पेशंट" आणि "केअरटेकर" म्हणण्यापेक्षा मला हे शब्द जवळचे वाटतात, म्हणून नावही तेच घेतलं.

सावलीताई, तुम्ही लिहिलंत की घरच्यांचा चेहरा पडतो आणि तुम्हीच त्यांची समजूत काढता. हे वाचून मला माझ्या मुलाचा चेहरा आठवला. आमच्या घरातही हेच व्हायचं, आणि चेहरा पडणारा मी होतो.

घरच्यांसाठी वेगळे गट असतात हे पुष्कळांना माहीतच नसतं. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत दारू सोडणाऱ्यांच्या बायकांनी आणि नातेवाइकांनी १९५१ मध्ये अल-अॅनॉन हा वेगळा गट बांधला. १९७९ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे मानसिक आजार असलेल्यांची कुटुंबं एकत्र आली आणि त्यातून तिथली नामी ही मोठी संघटना उभी राहिली. त्या काळात मुलाच्या स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारेही तज्ज्ञ होते. त्या आयांना एकमेकींना भेटून काय वाटलं असेल याची मी कल्पना करू शकतो.

मी पहिल्यांदा गेलो तो वही घेऊन. मुलगा गोळ्या थुंकतो त्याला काय करावं, रात्री फिरतो त्याला काय करावं, असे सतरा प्रश्न लिहून नेले होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका भगिनीने ते सगळे ऐकून घेतले आणि विचारलं, "काका, तुम्ही स्वतःचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी तपासलंत?" मला उत्तर देता आलं नाही. सतरापैकी काही प्रश्नांची उत्तरं त्या गटातच मिळाली. काहींना उत्तर नाही, हेही तिथेच कळलं, आणि तेवढ्याने माझा मुलावरचा राग कमी झाला.

ताई, तुमच्या घरच्यांपैकी कोणी अशा गटात जायला तयार असेल तर जरूर जाऊ द्या. तुमचा आणि त्यांचा गट एकच नसावा. तुमच्यासमोर ते खरं बोलणार नाहीत आणि त्यांच्यासमोर तुम्ही.

सावलीतली_वाट (धागाकर्ती)

काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण तो फॉरवर्ड कर म्हणाली.

पायवाट, तुम्ही सांगितलं तसं रुग्णालयातल्या सोशल वर्करना भेटून आले. त्यांनी दोन गटांचे नंबर दिले. एक दर गुरुवारी असतो, दुसरा महिन्यातून एकदा. अजून फोन केला नाही. खरं सांगायचं तर ओळखीचं कोणी भेटलं तर काय, या विचाराशी अडले आहे. माझ्या ऑफिसात माझा आजार कोणालाही माहीत नाही.

पायवाट

ही भीती जवळपास प्रत्येकाला असते, आणि ती खोटी नाही. ओळखीचं माणूस भेटलं तर ते माणूसही त्याच कारणाने तिथे आलेलं असतं, हे एक. तरी मन घेत नसेल तर घरापासून थोडा लांबचा गट निवडा. आमच्याकडे निम्मे लोक असेच दुसऱ्या भागातून येतात.

गोपनीयतेबद्दल फोनवरच विचारा आणि उत्तर नीट ऐका. "इथलं बाहेर जात नाही" एवढंच सांगितलं तर ते अर्धं उत्तर आहे. चांगला समन्वयक पुढे हेही सांगतो की कोणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तर मात्र आम्ही गप्प बसणार नाही, मदत बोलावू. अपवाद आधीच सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

व्हॉट्सअॅपचं विचारायला विसरू नका! बैठकीत आडनावसुद्धा विचारत नाहीत आणि घरी पोचायच्या आत तुम्हाला ग्रुपमध्ये टाकतात, म्हणजे नंबर आणि फोटो तीस जणांपुढे. आम्ही स्वतः ही चूक केली आहे. एका मुलीने हळूच सांगितलं की ग्रुपमध्ये तिच्या सोसायटीतल्या बाई आहेत, तेव्हा आमच्या लक्षात आलं. तिची आम्ही माफी मागितली. आता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो, त्यात कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही, आणि त्यातही विचारूनच घेतो.

रातराणी_उमलली

मी ऑनलाइन गटात जाते, त्याबद्दल थोडं. माझा भाऊ आत्महत्येने गेला. त्याला चार वर्षं झाली. नैराश्याच्या सर्वसाधारण गटात मी बसू शकले नाही, कारण तिथे कोणी "जगावंसं वाटत नाही" म्हटलं की मला ते ऐकवत नसे. माझ्यासारख्यांचे, म्हणजे अशा रीतीने माणूस गमावलेल्यांचे वेगळे गट असतात. ते सगळीकडे नसतात, म्हणून ऑनलाइन.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात दोन मुलं गेली, तेव्हा तिथल्या पाद्रीच्या लक्षात आलं की त्यांच्या आईवडिलांना बाकी कोणापेक्षाही एकमेकांचा आधार वाटतो आहे. त्यातून १९६९ मध्ये मुलं गमावलेल्या पालकांचा गट सुरू झाला. मी हे कुठेतरी वाचलं आणि तेव्हा वाटलं, आपल्यालाही आपल्यासारखंच कोणीतरी हवं आहे, यात चुकीचं काही नाही.

ऑनलाइन जाणार असाल तर आधी विचारा की बैठक रेकॉर्ड होते का, कॅमेरा बंद ठेवता येतो का, आणि मध्येच कोणाची तब्येत फार बिघडली तर ते काय करतात. समोरासमोरच्या गटात कोणीतरी मागे येऊन पाणी देतं, स्क्रीन बंद झाली की तुम्ही एकटे. आमच्या समन्वयक बैठक संपल्यावर पंधरा मिनिटं लिंक सुरू ठेवतात, ज्याला थांबायचं तो थांबतो. मी पहिले दोन महिने त्या पंधरा मिनिटांसाठीच जात होते.

रानफूल७

मी लहान गावात राहते. सोशल वर्कर, सूचना फलक, यातलं इथे काहीच नाही. मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात. नेटची रेंज धड नसते. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

शांत_किनारा

रानफूल, जिथे काहीच नव्हतं तिथे काय झालं त्याची दोन खरी उदाहरणं देते.

१९५७ मध्ये सिडनीत मानसिक आजारातून उठलेली काही माणसं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांना जाऊन बसायची. दारूचा त्यांना प्रश्न नव्हता, पण मनमोकळं बोलायला दुसरी जागाच नव्हती. शेवटी त्यांनी स्वतःचा गट काढला, तो आज ग्रो नावाने चालतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवातही १९३५ साली दोघांपासूनच झाली होती, एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन.

दुसरं झिंबाब्वेचं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके. डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. आजी ऐकून घेते, एक अडचण निवडून तिच्यावर काय करता येईल ते ठरवायला मदत करते. बाकावरच्या भेटी झाल्या की त्याच बायका पुढे गटाने जमतात, गप्पा मारत हातांनी पिशव्या विणतात. २०१६ मध्ये या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि त्यात लोकांची लक्षणं खरोखर कमी झालेली दिसली.

तुमच्याकडे महिन्यातून एकदा डॉक्टर येतात ना, त्या दिवशी बाहेर बाकावर ताटकळणारी माणसं असतातच. तिथल्या परिचारिकेला किंवा आरोग्यसेविकेला विचारून बघा, त्याच दिवशी अर्धा तास एका खोलीत बसायला मिळेल का. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अनुभवी माणसांनी स्वतः आधारगट कसा चालवावा यावर एक मार्गदर्शिका काढली आहे, ती नेटवर फुकट मिळते. रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवा. सुरुवातीला दोघी असाल तरी पुरे. संकटाच्या वेळी कोणाला फोन करायचा हे मात्र पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.

संपादक मंडळ

धागा चांगला चालला आहे. दोन विनंत्या. कोणीही इथे औषधाचं नाव आणि डोस सुचवू नये. गटाचा पत्ता किंवा सदस्यांचे नंबर उघड प्रतिसादात देऊ नयेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आत्ता जीव द्यायचे विचार येत असतील तर आधारगट शोधत थांबू नका. लगेच तुमच्या भागातल्या तातडीच्या सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन करा, आणि एखाद्या माणसाला शेजारी येऊन बसायला सांगा.

अर्धविराम

सावलीला पहिल्या दिवसासाठी. दाराजवळची खुर्ची घ्या. "मी मध्येच उठले तर काळजी करू नका" असं समन्वयकांना आधीच सांगून ठेवा. सोबत कोणाला आणलंच तर बाहेर बसवा. तीन वेळा गेल्याशिवाय गट बरा की वाईट ठरवू नका, पण गोळ्या सोडा, पैसे भरा, घरच्यांशी बोलू नका, यातलं काहीही ऐकू आलं तर पहिल्याच वेळी उठा.

आणि कसं वाटलं ते त्याच रात्री तपासू नका. पहिल्यांदा घरी आलं की थकल्यासारखं, उघडं पडल्यासारखं वाटतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी बघा.

सावलीतली_वाट (धागाकर्ती)

सात आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

गुरुवारच्या गटाला फोन केला. उचलणाऱ्या बाईंनी "मागच्या वेळी नऊ जण होतो" असं लगेच सांगितलं. मी गोळ्यांबद्दल, व्हॉट्सअॅपबद्दल, न बोलण्याबद्दल सगळं विचारलं. त्या शांतपणे उत्तरं देत गेल्या. "आजपर्यंत एवढे प्रश्न कोणी विचारले नव्हते, बरं वाटलं" असंही म्हणाल्या.

पाच वेळा जाऊन आले. प्रत्येक वेळी छान वाटतं असं नाही. दुसऱ्या गुरुवारी एक गृहस्थ फार वेळ बोलत राहिले, मला गुदमरल्यासारखं झालं आणि मी दहा मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले. कोणी मागे आलं नाही, परत आत आल्यावर कोणी विचारलंही नाही. मला तेच हवं होतं. शेवटी समन्वयकांनी मात्र बोलण्याच्या वेळेची मर्यादा सगळ्यांना पुन्हा सांगितली.

गेल्या गुरुवारी त्यांनी विचारलं, खुर्च्या मांडायला अर्धा तास लवकर येता येईल का. मी हो म्हटलं. गेल्या दोन वर्षांत "तुला जमेल का" असं कोणी मला विचारलंच नव्हतं. सगळे मी न विचारताच माझी कामं करून टाकत होते.

शांत_किनारा

सावली, किती बरं वाटलं वाचून. खुर्च्यांचं साधं वाटेल, पण फ्रँक रीसमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६५ सालीच मांडलं होतं की स्वमदत गटात मदत करणाऱ्यालाच पुष्कळदा मदत घेणाऱ्यापेक्षा जास्त फायदा होतो.

रानफूल७

आमच्याकडे डॉक्टर येऊन गेले. आरोग्यसेविका ताईंनी लसीकरणाची खोली उघडून दिली. मी आणि आणखी एक बाई, दोघीच होतो. ती काहीच बोलली नाही, मीही फार बोलले नाही. पुढच्या महिन्यात येते म्हणाली.

एक_शुभंकर

सावलीताई, आईंचं काय झालं?

सावलीतली_वाट (धागाकर्ती)

काका, आई घरच्यांच्या गटाला एकदा जाऊन आली. काय झालं ते सांगत नाही आणि मी विचारत नाही. पण आल्यावर मला म्हणाली, "उद्या उशिरा उठलीस तरी चालेल."

कोरडा_पाऊस

सावली, पहिल्या दिवशी तुम्ही काय बोललात? म्हणजे सांगावंसं वाटलं तरच.

सावलीतली_वाट (धागाकर्ती)

पहिल्या दिवशी नाव सांगितलं आणि "पुढे" म्हटलं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी आंघोळीला उठायला दोन तास लागतात ते सांगितलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "मला तीन लागतात, आणि कधी कधी मी तशीच जाते." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पाळी पुढच्या माणसाकडे गेली. कोणाचाही चेहरा पडला नाही.

कोरडा_पाऊस

धन्यवाद. परवा माझी अपॉइंटमेंट आहे. ठरावीक आठवड्यांच्या गटाबद्दल विचारायचं मी कागदावर लिहून ठेवलं आहे. काय म्हणतात ते इथे कळवतो.